फौजदाराच्या कमरेत लाथ

चहाचा घोट गिळा आधी, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला आणि शर्ट खराब झाला माझा.

तर मंडळी, मी एका फौजदाराच्या कमरेत लाथ घातलेली आहे. भर ठाण्यात, दिवसाढवळ्या, गणवेशातल्या फौजदाराच्या! आणि तरी बघा, तुमच्यापुढं मांडी घालून बसलोय. उलट लाथ बसल्यावर साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि चहा मागवला.

थांबा, एवढ्यावर मला शूर समजू नका. फजिती पुढं आहे. पण ती कळायला सुरुवातीपासून सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, शिवराजला ऊन लागलं.

बसवकल्याणला, आमच्या तोंडी नुसतं कल्याण, माझं साड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच. दिवसभर साड्या उलगडायच्या, "अक्का, हा रंग तुमच्याच अंगावर खुलतो" म्हणायचं, आणि अक्का "बघून येते" म्हणून उठल्या की पुन्हा घड्या घालायच्या. घड्या घालून घालून माणसाला काहीतरी वेगळं करावंसं वाटणारच ना? कुणी पत्ते खेळतो, कुणी ग्रामपंचायतीला उभा राहतो. मला ओसाड घरांचे फोटो काढायचा नाद लागला.

आमच्याकडं ओसाड घरांना काय तोटा! कमठाण्यापासून संतपूरपर्यंत कुठल्याही गावात जा. पोरं हैद्राबादला नाहीतर पुण्याला गेली. राहिलेल्यांनी रोडच्या कडेला प्लॉट घेऊन स्लॅब टाकला. जुन्या गल्ल्या तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि मागची भिंत पडलेली! आत गेलं की खुंटीला कुणाची तरी टोपी, भिंतीवर पोरानं कोळशानं काढलेला बैल, चुलीच्या मागं अजून काजळी. मला ते बघून तिथून हलवत नाही. खरंच हलवत नाही. म्हणून मी फोटो काढतो.

आमच्या महादेवीला मात्र हे अजिबात पटत नाही. "पोरीच्या लग्नात फोटो काढलाव तर नवरीचं डोकं उडवलाव," ती म्हणते, "अन् पडक्या भिंतींचे चारी कोपरे बराब्बर येतात व्हय?"

आता नवरी एका जागी थांबत नाही, भिंत थांबते. ह्यात माझा काय दोष?

तर झालं काय, कलबुर्गीच्या एका हौशी मंडळानं फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो, तिथंच. मंडळाचे हिरेमठ सर, रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, त्यांनी माझे फोटो बघितले आणि म्हणाले, "शिवराज, एक अख्खी भिंत तुमची."

अख्खी भिंत! मी तिथंच मनात खिळे ठोकायला लागलो.

"पण मधली जागा मोकळी हाय," सर म्हणाले. "तिथं लावण्यासारखा फोटो अजून तुमच्याकडं न्हाई. तेवढा काढून आणा."

झोप उडाली हो माझी. तुम्हाला खरं सांगू? दुकानात मी साडीवाला, सोयऱ्यांत साडीवाला, लग्नाच्या पंगतीतही "साडीवाल्याला वाढा". एकदा तरी कुणीतरी विचारावं, "हे फोटो कुणाचे?", आणि ते महादेवीनं शेजारी उभं राहून ऐकावं. एवढंच पाहिजे होतं मला. पण ते फार पाहिजे होतं.

मंठाळच्या अलीकडच्या एका गावात एक घर मी हेरून ठेवलं होतं. जुनं माळवदाचं घर. मातीच्या छताला उजेडासाठी एक भोक ठेवलेलं. आत भिंतीला बळद, म्हणजे धान्य साठवायची अंधारी कोठी. ऊन डोक्यावर आलं की त्या भोकातून उजेडाचा एक पट्टा उतरायचा आणि नेमका बळदाच्या तोंडाशी पडायचा. थोडा वेळच. मग सरकून जायचा. तो उजेड मला पाहिजे होता.

घरमालक हैद्राबादला. त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "जावा की, तुमचंच घर समजा. छत पडलं तर मात्र मला सांगू नका."

झालं! पिशवी भरली. कॅमेरा घेतला. तिकाटण्याची, म्हणजे कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडची, पिशवी फाटली होती, म्हणून ते जुन्या घोंगडीत गुंडाळलं. अंतर मोजायला टेप, बळदात बघायला बॅटरी. भिंग पुसायला मऊ कापड लागतं, तर दुकानातला लाल ब्लाउजपीस घेतला. उन्हाचे दिवस, सरबताला लिंबं घेतली. आणि उदबत्तीचा पुडा. आमच्या आईची शिकवण आहे, बंद घरात तसंच शिरायचं नाही, उंबऱ्यावर उदबत्ती लावून घराला विचारायचं आणि मग पाऊल टाकायचं.

एव्हाना तुमच्या डोक्यात उजेड पडला असेल. माझ्या पडला नव्हता!

उंबऱ्यावर उदबत्ती लावली, आत गेलो, तिकाटणं उभं केलं. ऊन चढायला अजून वेळ होता. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कोण हाय रं आत?"

बघतो तर एक म्हातारी. कमरेत पार वाकलेली, एक हात पाठीवर. काशव्वा तिचं नाव. त्या गल्लीत तिचं एकटीचंच घर जागतं होतं.

"मी हाय अव्वा, कल्याणचा. फोटो काढायलोय."

"कामून? कोण गेलंय?"

"कोण न्हाई गेलं. घराचा फोटो काढायलोय."

"घराचा?" तिनं घराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "घर काय पळून जायलंय व्हय?"

मी विषय बदलला. "कमरेला काय झालंय, अव्वा?"

"घागर उचलाया गेले अन् चमक भरली बघ बाबा. बसाया येईना, हुभारायला येईना."

आणि इथं, मंडळी, इथं माझी जीभ घसरली. वेळ होता, म्हातारी कळवळत होती, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "एवढंच ना? मी पायाळू हाय!"

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला. मी तसाच आलो. पाय आधी आले, डोकं मागून. महादेवीच्या मते डोकं अजून पुरतं आलेलंच नाही. आणि आपल्याकडं ही रीत तर तुम्हाला माहीतच आहे, कमरेत चमक भरली, उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा. लहानपणी मी शाळेला निघालो की आमच्या ओट्यापुढं कुणी ना कुणी पाठमोरं उभं असायचं. लाथ घालायची आणि मग प्रार्थनेला पळायचं! माझ्या पायात काय आहे, देव जाणे. लाथ बसणार म्हणून माणूस घाबरून सरळ होत असेल, असं आमचे डॉक्टर म्हणतात. पण तेच डॉक्टर एकदा मागच्या दारानं येऊन पाय लावून गेलेत.

काशव्वा भिंतीला धरून उभी राहिली. मी चप्पल काढली, तिला नमस्कार केला आणि हळूच पाय लावला.

"आगं माय!" म्हणाली आणि सरळ झाली. अगदी ताठ! तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि गावात सांगायला निघाली. मी खूश. एक पुण्य पदरात पडलं, आता फोटो.

पण पायाळूबद्दल आपल्याकडं दुसरी एक गोष्ट बोलतात, ती मी विसरलो होतो. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं! गुप्तधन काढणाऱ्या टोळ्या आधी पायाळू माणूस शोधतात, मग लिंबं, उदबत्ती आणि लाल कपडा. हे बिदर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं! पण उजेडाच्या नादात डोक्यातून गेलं.

आता तुम्हीच सांगा. ओसाड घर, उंबऱ्यावर उदबत्ती, आत पायाळू. तुम्ही काय समजला असता?

गाव आलं तेव्हा मी बळदात डोकं घालून टेपनं खोली मोजत होतो. म्हणजे गावाला माझं काय दिसलं? फक्त पाय. तेही पायाळूचे!

डोकं बाहेर काढलं तर दारात ही गर्दी. पुढं शरणप्पा नावाचा एक भरदार मिशांचा गडी.

"काय शोधायलाव, सावकार?"

"उजेड," मी खरं तेच सांगितलं.

"कुठं गावतो त्यो?"

"हे बघा, ऊन डोक्यावर आलं की छतातून एक पट्टा येतो, अन् बराब्बर इथं पडतो. ह्याच जागेवर. बाकी घरात कुठं न्हाई."

गर्दीतून "हाऽऽ" असा आवाज उठला. सगळ्यांचे डोळे त्या जागेवर. एकानं तर तिथून पाय मागं घेतला.

"अन् मंग?" शरणप्पा.

"मंग काय, लगेच काम हुतंय. घेतो अन् जातो."

"एकलेच?"

"एकटंच यावं लागतं. लई माणसं आली की सावली पडते, सगळं बिघडतं."

काय बोलत होतो हो मी! माझं एकेक वाक्य खरं, आणि एकेक वाक्य मला तुरुंगाकडं ढकलत होतं. शरणप्पा जवळ आला आणि कानात म्हणाला, "सावकार, आमचाबी वाटा धरा. पोलिसाला कळू द्यायचं न्हाई."

"कशाचा वाटा?"

"तुमी लई हुशार हाव," म्हणून त्यानं डोळा मारला.

आता, शरणप्पा कानात बोलला हे गावानं बघितलं. शरणप्पा एकटाच हात मारणार म्हटल्यावर बाकीच्यांची न्यायबुद्धी जागी झाली आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

जीप आली. हवालदार माणिकराव खाली उतरले, मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी जीपमध्ये बसलो आणि उघड्या दारातून आत बघितलं. आणि काय सांगू, त्याच घडीला उजेड उतरला! लखलखीत पट्टा, धुळीनं भरलेला, अगदी बळदाच्या तोंडाशी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता रडून काय उपेग?" माणिकराव म्हणाले.

ठाण्यात फौजदार साहेब बसले होते. आडव्या अंगाचे, उंचेपुरे. मराठी त्यांना कळायची, पण बोलायचे आपली दखनी. टेबलावर माझी पिशवी उलटी केली. घोंगडीतून तिकाटणं निघालं, त्याच्या टोकदार पायांकडं बघून माणिकराव म्हणाले, "साहेब, खणायचं हत्यार!"

"क्या जी सेठ," साहेबांनी विचारलं, "क्या ढूंडरे थे अंदर?"

"साहेब, फोटो काढत होतो."

"फोटो निकालने कू निंबू कायकू?"

"सरबताला, साहेब."

"हौ? और ये लाल कपडा?"

"ब्लाउजपीस आहे, साहेब."

कोपऱ्यात लिहीत बसलेल्या शिपायानंसुद्धा मान वर केली.

"किसका?"

"दुकानाचा!" मी ओरडलो. "साड्यांचं दुकान आहे माझं!"

मग मला घरमालक आठवला. म्हणलं, साहेब, त्यांना फोन लावा, त्यांची परवानगी आहे. साहेबांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. "पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या घरात शिवराज सेठ सापडलेत," असं माणिकरावांनी सांगितलं. मग मालक म्हणाला, "काय गावलं का त्यांना? घर माझ्या नावावर हाय, ध्यानात ठिवा! मी आज निघतोच!"

संपलं! साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मला स्वतःलाच शंका आली, आपण खरंच काही पुरलेलं शोधत तर नव्हतो ना?

"साहेब," माणिकराव म्हणाले, "कॅमेऱ्यात जागेच्या खुणा असणार. दुसऱ्या टोळीच्या हाती लागल्या म्हंजे?"

"कार्ड साफ कर डालो," साहेब म्हणाले.

अहो, त्या कार्डात माझी अख्खी भिंत होती! जावई दर रविवारी म्हणायचा, मामा, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मी म्हणायचो, उद्या. टोप्या, बैल, चुली, इतक्या वर्षांची वणवण, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यात. मी हात जोडले. "साहेब, मला पाहिजे तर आत टाका. पण ते पुसू नका. दुसरं काही नाही हो माझ्याकडं."

साहेबांचं मन थोडं हललं असेल नसेल, माणिकरावांनी कॅमेरा ओढला. त्याचा धक्का लागला आणि टेबलावरचं एक लिंबू घरंगळत खाली गेलं.

टप!

लिंबू फरशीवर. माणिकराव दोन पावलं मागं. लिहिणाऱ्या शिपायानं पाय उचलून खुर्चीवर घेतले. उचलायला कुणी पुढं येईना!

"क्या डरपोक लोगां है रे," साहेब वैतागले. उठले, टेबलाला वळसा घातला, झपकन खाली वाकले, लिंबू उचललं... आणि तिथंच राहिले.

"साहेब?"

"अम्माऽऽ!"

कंबर धरली! वाकलेले ते वाकलेलेच. एका हातात लिंबू, एक हात पाठीवर, तोंड फरशीकडं. दोघांनी मिळून उचलायला बघितलं तर साहेबांनी अशी शिवी दिली की बाहेरचा कावळा उडाला.

"करणी झाली!" शिपाई म्हणाला.

"करणी न्हाई रं, चमक भरली," माणिकराव म्हणाले. मग त्यांची नजर हळूहळू माझ्याकडं वळली. माझ्या तोंडाकडं नाही. माझ्या पायांकडं.

"साहेब," ते अदबीनं खाली वाकून म्हणाले, "आरोपी पायाळू हाय."

"तो क्या?"

"पाठीत लाथ घातली की बरं हुतंय."

"क्या?" साहेब फरशीकडं तोंड करून गरजले. "मेरेकू लात मारता ये?"

"मारायचं न्हाई, साहेब. लावायचा. सकाळीच एका म्हातारीला सरळ केलाय ह्येनं. साक्षीदार हाईत."

साक्षीदार होतेच. सगळं गाव टेम्पो करून मागोमाग आलं होतं आणि खिडकीच्या गजांना तोंडं लावून उभं होतं. साहेबांनी थोडा वेळ विचार केला. अजून एक कळ आली, मग विचार संपला.

"दरवाजा बंद करो," म्हणाले. "खिडकी भी."

खिडकी काही बंद झाली नाही, तिला झडपाच नव्हत्या. आणि मंडळी, त्या क्षणाला मला काय झालं कुणास ठाऊक. गिऱ्हाईक घासाघीस करतं तसा मी सरळ बोललो, "आधी कार्ड द्या."

माणिकरावांचा आ वासला. साहेब वाकल्या वाकल्या ओरडले, "देओ रे, जल्दी देओ उसकू!"

कार्ड खिशात घातलं. वरून बटण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघिशीत जिंकलो, आणि ते पोलिसांकडून!

साहेबांना टेबल धरायला सांगितलं. मी चप्पल काढली. मग आठवलं, माणसाला पाय लावायचा तर आधी माफी मागायला पाहिजे. म्हणून फौजदार साहेबांच्या पाया पडलो. पाया पडून उठलो आणि लाथ उचलली. हे खिडकीतल्या लोकांना बघायला मिळालं, माझ्या घरच्यांना नाही मिळालं, ह्याचं दुःख मला अजून आहे.

हळूच लावली. काही नाही. मध्ये तो जाड पट्टा!

"जरा नेट लावा, सावकार," माणिकराव म्हणाले. "सरकारी कंबर हाय."

मग मी तो उजेड आठवला. जीपमधून बघितलेला, हातातून गेलेला. आणि दिली ठेवून!

"अय्योऽऽ!"

टोपी उडाली. लिंबू उडालं. टेबल सरकलं. आणि साहेब... साहेब सरळ उभे! खिडकीतून टाळ्यांचा कडकडाट. साहेब गर्रकन माझ्याकडं फिरले, हात पट्ट्याकडं गेला. मी डोळे मिटले.

पट्टा नीट करून त्यांनी डावीकडं वळून बघितलं, उजवीकडं वळून बघितलं, खाली वाकले, वर आले. आणि माझा हात हातात घेतला.

"कमाल है सेठ! चाय बोलो रे सेठ कू!"

चहा पिताना त्यांनी सगळी हकीकत ऐकली, मी कार्ड परत घातल्यावर कॅमेऱ्यात एकेक फोटो बघितला. कोळशाच्या बैलाशी थांबले. "हमारे घर में भी ऐसाच था," एवढंच म्हणाले. माणिकराव हळूच पुढं सरकले, "सावकार, माझा गुडघाबी..." म्हणलं, गुडघा माझ्या खात्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो ते पोलिसांच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर! साहेबांनी आल्या आल्या गावाला ठणकावून सांगितलं, इथं काही पुरलेलं नाही. माणिकरावांना बळदात उतरवलं. ते तोंडभर कोळिष्टकं घेऊन, शिंकत, रिकाम्या हातानं वर आले.

"म्हंजे राती कुणीतरी नेलं," शरणप्पा म्हणाला. घरमालक हैद्राबादहून आला होता, तो शरणप्पाकडं संशयानं बघायला लागला. त्यांचं त्यांना भांडू दिलं.

ऊन डोक्यावर आलं. फौजदार साहेबांनी स्वतः दारात उभं राहून गर्दी अडवली, "कोई सावली नक्को!" आणि उजेड उतरला. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. देवाशपथ सांगतो, असा फोटो मी कधी काढला नव्हता. अंधारी भिंत, बळदाचं तोंड, आणि त्यावर पडलेला तो उजेड, जणू आत्ता कुणीतरी धान्य काढून गेलंय. हिरेमठ सरांनी बघितला, उजेडात धरून पुन्हा बघितला. मग म्हणाले, "मधी लावतो."

प्रदर्शनाच्या दिवशी महादेवी नवी साडी नेसली, मी इस्त्रीचा शर्ट घातला. गुलबर्गा यायच्या आधीच सरांचा फोन. "शिवराज, लवकर या! गर्दी आवरंना झालीय!"

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांना पुन्हा बोलायला लावलं. महादेवीनं ऐकलं. साडीचा पदर नीट केला.

पोचलो तर काय, हॉलच्या दारापासून रोडपर्यंत माणसंच माणसं! मंठाळची, कल्याणची, आळंदची. मी गाडीतून उतरलो आणि कुजबुज झाली. "हेच व्हय ते?" "हेच की!" लोक हात जोडायला लागले. एका म्हाताऱ्यानं वाट करून दिली. मीही हात जोडत चाललो. ओसाड घरांसाठी एवढी माणसं? मी महादेवीच्या कानात म्हणालो, "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. मग तिनं डोळे बारीक केले. "पण अहो, हे समदे कमरेवर हात ठिवून कामून हुभारलेत?"

मी बघितलं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. एकूण एक जण! पुढं शरणप्पा, भरलेला टेम्पो घेऊन. त्याच्यामागं साध्या कपड्यांत फौजदार साहेब, आणि त्यांच्या दंडाला धरून वाकलेले त्यांचे वरचे साहेब. कुणीतरी आतून सतरंजी आणून टाकली, कुणी माझी चप्पल काढून घेतली.

दिवे लागेपर्यंत मी लाथा घातल्या, मंडळी. माझ्याच भिंतीला हात टेकून, मान खाली घालून, माणसं येत होती आणि ताठ होऊन जात होती. वर काय टांगलंय, हे एकानंही मान वर करून बघितलं नाही.

शेवटी हिरेमठ सर आले. डोळ्यांत पाणी, गळ्यात घालायला हार. तो माझ्या गळ्यात घालून म्हणाले, "शिवराज, आमच्या मंडळाला एवढी गर्दी कधी झाली न्हाई. पुढल्या वर्षीबी तुम्हीच यायचं, ठरलं. अन् एक सांगू? फोटो न्हाई आणलाव तरी चालतंय."